मुलांना रोजा शिकवा, त्याची शर्यत लावू नका : मशीद कमिट्यांना खुलं पत्र

सोलापूर, जानेवारी २०२६

प्रति,
सोलापुरातल्या मशिदींचे विश्वस्त, मोहल्ला कमिट्यांचे जिम्मेदार आणि बुजुर्ग मंडळी,

अस्सलामु अलैकुम.

मी याच शहरात जन्मले, इथेच शिकले आणि गेली सतरा वर्षं इथल्या एका मराठी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. मला दोन मुलं आहेत. मोठा बारा वर्षांचा, धाकटी सहाची. हे पत्र धाकटीसाठी आहे. आणि मोठ्याच्या बाबतीत जे घडलं तेव्हा मी गप्प बसले, त्याची टोचणी अजून जात नाही, म्हणूनही आहे.

गेल्या आठवड्यात शाळेतून घरी येताना गल्लीच्या तोंडाशी नवा बॅनर दिसला. वर चांद, मध्ये मिनार, खाली सायकलीचा फोटो. पूर्ण महिना रोजे ठेवणाऱ्या मुलामुलींना सायकल, वीसच्या वर रोजे झाले तर स्कूल बॅग. वयोगट ५ ते १२. गेल्या वर्षी हाच वयोगट ८ ते १२ होता. वाचण्यात माझी चूक झाली असेल म्हणून कमिटीतल्या एका चाचांना थांबवून विचारलं. ते म्हणाले, "बेटी, इस साल रमजान थंडी में आरा. दिन छोटे. छोटे बच्चों कू भी हौस रहती, वो क्यों पीछे रहना?"

या चाचांना मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून ओळखते. लॉकडाउनमध्ये त्यांनी गल्लीत दारोदार रेशन पोचवलं, कोणाचं घर कोणत्या धर्माचं हे पाहिलं नाही. त्यांच्या मनात काही वाईट नाही. म्हणूनच हे पत्र एका कमिटीच्या नावानं नाही, तुम्हा सगळ्यांना आहे. असे बॅनर आता आमच्याच गल्लीत लागतात असं नाही, आणि एका कमिटीनं सायकल ठेवली की शेजारच्या मोहल्ल्यातल्या कमिटीला मागं राहवत नाही.

आता माझ्या मुलाचं सांगते.

२०२२ साली पहिला रोजा ३ एप्रिलला होता. पूर्ण महिना सोलापूरच्या उन्हाळ्यात गेला. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. आमच्याकडे सायकलीचं बक्षीस पहिल्यांदा जाहीर झालं ते त्याच वर्षी. मुलांना तीस चौकोनांचं छापील कार्ड मिळालं होतं. मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर, मशिदीच्या दारात एक तरुण टेबल घेऊन बसायचा आणि रोजा पूर्ण केलेल्या मुलाच्या कार्डावर शिक्का मारायचा. माझा मुलगा ते कार्ड उशाखाली घेऊन झोपायचा.

चौदाव्या रोजाला आमचा पाण्याचा दिवस होता. चार दिवसांनी नळ आला, तोही दुपारी तीनला. मी खाली नळाशी बसून भरत होते आणि तो कळशी घेऊन जिना चढत होता. दोनदा म्हटलं, बस झालं, जा झोप. "होता मेरे से, अम्मी," म्हणाला. चौथ्या खेपेला जिन्यात आवाज झाला. कळशी घरंगळत खाली आली आणि तिच्या मागे तो. हनुवटी फुटली, दोन टाके पडले.

टाके घालून झाल्यावर डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर यानं ओठ घट्ट मिटून घेतले. "शिक्का नै मिलेगा," एवढंच म्हणत राहिला. रक्तानं शर्ट भिजलेला आणि डोक्यात शिक्का. शेवटी डॉक्टरांनी मला बाहेर पाठवलं आणि त्याला कसंबसं पाणी पाजलं.

रात्री तरावीहच्या नमाजच्या वेळी घरात आम्ही दोघंच होतो, तेव्हा तो बोलला. तीन दिवसांपासून चक्कर येत होती. आणि नवव्या रोजाला त्यानं बाथरूमच्या नळाचं पाणी प्यायलं होतं. मी म्हटलं, विसरून प्यायला असशील. 'भूल के पिया तो अल्लाह ने पिलाया' हे आमच्या घरातल्या लहानातल्या लहान मुलालाही माहीत आहे. तो म्हणाला, "भूल के नै, जान के पिया. फिर भी शिक्का लिया." पाच दिवस ही गोष्ट त्यानं एकट्यानं पोटात ठेवली होती. त्याचे टाके आठवड्यात सुकले. ते वाक्य मात्र मला आजही रात्री ऐकू येतं.

मी कार्ड परत केलं आणि कोणाला काही बोलले नाही. टीचर झाली म्हणून आता आम्हाला दीन शिकवते, असं कोणी म्हणेल याची भीती वाटली. ती भीती बाळगायला नको होती.

तर माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. नमाजीला माणसं शेजारी उभी असतात, जकात घेणाऱ्याला देणारा दिसतो, हजला गेलेला माणूस गावाला माहीत असतो. रोजा तेवढा कोणाला दिसत नाही. बंद दाराआड कोण पाणी प्यालं हे प्यायलेल्याला आणि अल्लाहला ठाऊक. अल्लाह म्हणतो, 'रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मी देईन', ही पैगंबरांची हदीस तुमच्यापैकी अनेकांनी मिंबरवरून, मशिदीतल्या व्यासपीठावरून, सांगितलेली मी लाउडस्पीकरवर ऐकली आहे. मग त्या दोघांच्या मधे टेबल, रजिस्टर आणि शिक्का कशासाठी? आठ वर्षांच्या मुलाला न दिसणाऱ्या मोबदल्याची गोडी हळूहळू लागते. समोर सायकल उभी केली की ती लागायचीच राहून जाते. आणि सायकल हवी असेल तर खोटं बोलायला जागा आहे, हेही तो त्याच महिन्यात शिकतो.

मी स्वतः रोजा कसा शिकले ते सांगू द्या. आमचे अब्बा यंत्रमागावर चादरी विणायचे. घरी येताना चादरींच्या कडेच्या कापलेल्या दशा, म्हणजे दोरे, खिशातून आणायचे, लाल, हिरव्या, पिवळ्या. नानी आम्हा भावंडांना पहाटे सहेरीला उठवायची. दूध-शेवया, कडक भाकरी, दह्याची वाटी. मग दुपारी जोहरची अजान झाली की हाक मारायची, "आओ रे, चिड्यांका रोजा खुला." आम्ही पोटभर जेवायचो आणि पुन्हा मगरिबपर्यंत रोजा. अशा प्रत्येक अर्ध्या रोजाला नानी खिडकीच्या गजाला एक दशी बांधायची. सत्ताविसाव्या रात्री ती सगळ्या दशा सोडायची आणि दोन-दोन एकत्र गाठ मारून म्हणायची, दोन आधे मिल के एक पूरा. दोन अर्धे मिळून एक होतो असा काही मसला, धर्माचा नियम, नाही, हे मोठी झाल्यावर कळलं. नानीलाही ते माहीत असणारच. पण सहाव्या वर्षी माझ्या खिडकीला अकरा दशा होत्या आणि एकदाही मला चक्कर आली नव्हती. पहिला पूर्ण रोजा मी दहाव्या वर्षी ठेवला. त्या दिवशी गजरा माळला, नवा सलवार-कुडता घातला, शेजारच्या अक्कांनी माझ्यासाठी शेंगापोळी करून पाठवली. पहिल्या रोजाच्या कौतुकाचा, रोजाकुशाईचा तो थाट मला हवा आहे, माझ्या मुलीसाठीही हवा आहे. हौस करू नका असं माझं म्हणणं नाही.

"यंदा दिवस लहान" हे कारण मात्र मला पटत नाही. तुमच्याच मशिदीत लावलेलं वेळापत्रक पाहा. फेब्रुवारीअखेर सहेरी साडेपाचच्या सुमारास संपते आणि इफ्तार साडेसहाच्या सुमारास. म्हणजे तेरा तास. २०१९ ला रमजान मे महिन्यात होता तेव्हा चौदा-सव्वाचौदा तासांचा रोजा होता. फरक तासा-सव्वातासाचा. हिवाळ्यात दिवस खरोखर आखूड होतो तो लंडनसारख्या उत्तरेकडच्या शहरांत, आपल्याकडे नाही. आणि थंडी कसली? रमजान १८-१९ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होऊन २०-२१ मार्चच्या सुमारास ईद येणार, पाडव्याला अगदी लागून. मधे होळी. होळीनंतर सोलापूरचं ऊन काय असतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

पाच वर्षांच्या मुलाला तेरा तास म्हणजे काय, हेही पाहा. उपाशी असताना शरीर यकृतात साठवलेली साखर वापरतं. लहान मुलात हा साठा थोडा असतो आणि शरीराच्या मानानं मेंदू मोठा, त्याला साखर सतत लागते. म्हणून मोठ्या माणसाला संध्याकाळी जो थकवा जाणवतो तो मुलाला दुपारीच गाठतो. डोकं दुखतं, पोटात कळ येते, चिडचिड होते, हात थरथरतात. पाण्याचंही तसंच, लहान शरीर लवकर सुकतं. आणि आपली मुलं मुळात किती धडधाकट आहेत? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत ६७ जणांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. तीच मुलं आता पहिली ते चौथीच्या बाकांवर बसतात.

माझ्या वर्गात माग चालवणाऱ्यांची, विड्या वळणाऱ्यांची, रिक्षावाल्यांची मुलं आहेत. शाळेतल्या खिचडीत पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं पोषण आहार योजनेचं माप आहे. काही मुलांसाठी ते दिवसातलं सगळ्यात भरवशाचं जेवण असतं. रोजात ते जातं. सहेरीला अंडं, दूध, डाळ देऊन ते भरून काढणारी घरं आहेत. आणि रात्रीची उरलेली भाकरी शेंगाचटणीशी खाऊन रोजा धरणारंही मूल माझ्या वर्गात होतं, दहा वाजता तहानेनं ओठ चाटत बसायचं. कार्डावर दोघांना शिक्का सारखाच.

मुलींबद्दल लिहिताना हात जड होतो, पण बाई म्हणून मी लिहिलं नाही तर कोण लिहिणार? तुमच्या वयोगटात अकरा-बारा वर्षांच्या मुली येतात. या वयात पुष्कळ मुलींना पाळी सुरू होते. त्या दिवसांत रोजा नाही, राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मग पूर्ण महिन्याचं कार्ड मुलीनं भरायचं कसं? ओळीनं पाच चौकोन रिकामे दिसले की टेबलावरचा तरुण विचारतो, "क्या हुआ, रोजे छोड दिए क्या?" त्याला तिनं काय उत्तर द्यावं? माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं त्या दिवसांतही उपाशी राहून शिक्के घेतले. आईला कळलं ते ईद झाल्यावर. ज्या दिवसांत रोजा ठेवायला मनाई आहे, त्या दिवसांत एक मुलगी कार्डासाठी उपाशी राहिली. बॅनर छापताना हे कोणाच्या डोक्यात आलंच नसेल. कमिटीत एकही बाई नसली की असं होतं.

काही जण मला पैगंबरांच्या काळातल्या हजरत रुबय्यि यांची हदीस सांगतील. आशूराच्या, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवशी त्या मुलांना रोजा ठेवायला लावत, लोकरीची खेळणी करत आणि मूल भुकेनं रडलं की इफ्तारपर्यंत ते खेळणं त्याच्या हातात देत. मी ही हदीस वर्गात नव्हे, पण घरी मुलांना स्वतः सांगितली आहे, कारण तिच्यात मूल आईच्या नजरेसमोर आहे. तो एक दिवस होता. रडणाऱ्या मुलाजवळ मोठं माणूस बसलेलं होतं. शिक्का मारणाऱ्या टेबलाला मुलाचं रडणं ऐकू येत नाही.

"आम्ही सक्ती कुठे करतो?" असंही म्हटलं जातं. मशिदीच्या माइकवरून रोज रोजेदार मुलांची नावं वाचली जातात तेव्हा ज्याचं नाव येत नाही त्या मुलाला गल्लीत काय ऐकावं लागतं, ते एकदा खाली येऊन ऐका. साखरेच्या आजारासाठी इन्सुलिन घेणारा एक मुलगा मला माहीत आहे. त्याला दोस्त "बेरोजा" म्हणून हाक मारतात.

वर्तमानपत्रांच्या आणि स्थानिक यूट्यूब चॅनेलांच्या संपादकांनाही दोन ओळी. 'चिमुकल्याचा पहिला रोजा' हा फोटो तुम्ही प्रेमानं छापता, ते पोचतं. पण मथळ्यात वय टाकता आणि पुढच्या घराला त्याहून लहान वयाचा रोजा दाखवावासा वाटतो. फोटो छापा, वयाचा गाजावाजा सोडा.

आता माझ्या मागण्या. पूर्ण महिन्याच्या रोजांवरचं बक्षीस यंदाच मागे घ्या, सगळ्याच वयोगटांसाठी. दहा वर्षांखालच्या मुलाला तर कोणत्याही स्पर्धेत घेऊ नका. कार्ड, शिक्का, रजिस्टर आणि माइकवरची नावं बंद करा. बॅनर लागला असेल तर तो उतरवा, त्यात कोणाची मानहानी नाही.

रमजानच्या आधीच्या जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, मौलानांनी बयानात साध्या भाषेत तीन गोष्टी सांगाव्यात. बालिग होईपर्यंत, म्हणजे वयात येईपर्यंत, रोजा फर्ज, बंधनकारक नाही. मुलाला त्रास झाला तर रोजा लगेच खोलावा, त्याच्यावर त्याची कजा, म्हणजे तो नंतर भरून काढणं, नाही. आणि मूल रोजा ठेवू शकलं नाही म्हणून त्याच्या आईबापाला कोणी टोमणा मारू नये. हे मी घरोघरी सांगितलं तर टीचरचं म्हणणं होतं. मिंबरवरून सांगितलं तर आजीसुद्धा ऐकते. कुराणातल्या सूरह बकरामध्ये रोजाच्याच आयतींत आहे की अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको. त्या आयतीवर एक पूर्ण बयान व्हावं.

आधा रोजा पुन्हा मानानं आणा. शनिवार-रविवारी जोहरनंतर मशिदीच्या आवारात लहान मुलांची पंगत बसवा, खिचडी-दही द्या, बुजुर्गांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवावा. मोठ्यांच्या इफ्तारचे ट्रे उचलायला, उन्हात चपला आणि गाड्या सांभाळायला रोजेदार मुलं उभी करू नका.

सायकलींसाठी जमलेला पैसा रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातच मुलांच्या तपासणीवर खर्च करा. हिमोग्लोबिन, वजन, डोळे. कोणत्या मुलानं रोजा ठेवू नये हे डॉक्टरांनी आईवडिलांना एकांतात सांगावं. या कामासाठी कमिटीत निदान दोन बायका घ्या. शिक्षिका, नर्स, आशाताई, आपल्या मोहल्ल्यांत त्या भरपूर आहेत.

माझा मोठा यंदा पूर्ण रोजे ठेवणार म्हणतोय. ठेवू दे, तो आता त्या वयाला आलाय, आणि कार्ड नको हे त्यानं स्वतःच सांगितलं. धाकटीनं बॅनरवरची सायकल पाहिली आहे. रोज शाळेत जाताना तिथं थांबते. तिला मी आधा रोजा देणार आहे, आणि एका ओळखीच्या कारखान्यातून चादरीच्या दशा मागून आणल्या आहेत. ती विचारते, पूरा रखी तो सायकल मिलेगी ना? बॅनर जोवर तिथं आहे तोवर माझ्या दशांचा त्या सायकलीपुढे टिकाव लागणार नाही.

येत्या जुम्याला असरच्या नमाजनंतर मी आणि आमच्या गल्लीतल्या सहा-सात आया या पत्राच्या प्रती घेऊन कमिटीच्या ऑफिसबाहेर येऊ. आत बोलवलंत तर बसून बोलू. इतर मोहल्ल्यांतल्या आयांनीही आपापल्या कमिटीकडे जावं अशी माझी विनंती आहे. तपासणीच्या शिबिरासाठी मुलांच्या याद्या करणं आणि पंगतीच्या दिवशी वाढणं, ही दोन कामं मी माझ्यावर घेते.

आपली,
चौथीच्या वर्गाची एक शिक्षिका आणि दोन मुलांची आई